बेंचवरचे पाच आठवडे

“मॅडम, माझं युटिलायझेशन ६१ टक्के आहे. मला काढतील का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्याने विचारलं. वय चौतीस, एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत, ऑफिस पुण्यात आणि घर कोल्हापुरात. (त्याच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न नवा नाही, फक्त आकडा बदलतो. (युटिलायझेशन म्हणजे कामाच्या एकूण तासांपैकी किती टक्के तास क्लायंटच्या प्रोजेक्टवर लिहिले, तो आकडा.) जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून दुसऱ्या कंपन्यांतली मुलंही हाच प्रश्न घेऊन येतात. याची कंपनीही दुसरीच. पण त्याच्या टीममधल्या दोघांना एका कॉलवर ‘आजपासून येऊ नका’ सांगून झालं होतं.

काढतील की नाही हे मला कुठून कळणार? तसंच सांगितलं. मग विचारलं, “दिवसभर काय करता?”

तो बराच वेळ गप्प बसला. प्रोजेक्ट संपून पाच आठवडे झाले होते, नवं मिळालं नव्हतं. यालाच त्यांच्याकडे ‘बेंचवर’ असणं म्हणतात. तरी सकाळी नऊला वरच्या खोलीत जाऊन दार लावायचा, रात्री नऊला खाली यायचा. मधल्या वेळेत माउस हलवत राहायचा, नावापुढचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून. बायकोला वाटायचं, कामाचा डोंगर आहे. ती चहासुद्धा दाराबाहेर ठेवून जायची. झोप तीन-चार तास.

अशा वेळी मी आडवळणाने विचारत नाही. “जीव द्यावा असं मनात येतं का?” त्याचे डोळे भरले. म्हणाला, “तसं नाही, पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं.” हे वाक्य हलक्यात घ्यायचं नसतं. त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, झोपेचं औषधपाणी त्यांनी पाहिलं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावला. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, अशी भीती घरच्यांना असते. माझा अनुभव उलटा आहे. विचारलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो.

पुढच्या भेटीत आम्ही चक्क गणित मांडलं. तिमाहीचे तेरा आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे ५२० तास. आठ आठवडे प्रोजेक्टवर होता तेव्हा टाइमशीटमध्ये लिहिले ३२० तास. म्हणून ६१. टार्गेट ८०. पण त्या आठ आठवड्यांत खरं काम किती केलं? आठवड्याला साठ तासांच्या खाली एकदाही नाही. वरचे वीस लिहिले नाहीत, कारण मॅनेजर म्हणाला होता, “क्लायंटच्या बजेटमध्ये चाळीसच बसतात.” ते १६० तास धरले तर आकडा ९२ वर जातो. तो कागदाकडे बघत राहिला.

ते सगळे तास कंपनीने मान्य केले असते, असा माझा दावा नाही. पण गिळलेले तास दोनदा नडतात. एक तर फुकट जातात. आणि पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज त्याच खोट्या चाळीसवर बांधला जातो, मग पुढचा माणूसही साठ तास राबतो. त्यातून पाच आठवडे प्रोजेक्ट कोडच नाही, तर बारा तास दार लावून बसलं तरी लिहिणार कुठे? काम विकून आणणं त्याच्या हातात नव्हतं. तरी त्या ६१ ला तो स्वतःचे मार्क समजत होता. शाळेत कायम पहिल्या तिनात आलेल्या मुलांचं हे दुखणं मला फार दिसतं.

घरी सांगायला मात्र तयार नव्हता. “बाबांना काय कळणार यातलं?”

बाबांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. तिसऱ्या भेटीला तो त्यांना घेऊन आला, बायकोला आदल्या रात्री सांगून झालं होतं. म्हातारबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे तासावर जॉबवर्कच की वो ताई हे! पार्टीनं ऑर्डर थांबवली की आमचं बी मशीन उभं ऱ्हातंय. म्हणून काय मशीन भंगारात घालतोय व्हय आम्ही?” मग मुलाकडे वळून, “तुझा तासाचा रेट काय लावत्यात रं?” त्याने सांगितला. “आणि तुला किती पडतात?” तेही सांगितलं. “आयला! मग मधलं कोण खातंय?” तो हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मशीनची उपमा मला पूर्ण पटत नाही, मशीनला रात्री झोप उडत नाही. पण त्या दिवशी तिने माझ्या तीन भेटींचं काम केलं.

मग कोरडी कामं. खिशात किती महिन्यांचा खर्च आहे ते मोजलं, हप्ता धरून पाच. आईवडिलांचा आरोग्यविमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होता, नोकरीबरोबर तोही जाणार. वडिलांना मधुमेह, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी थांबावं लागतं, म्हणून ते काम आधी उरकायला सांगितलं. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या स्वतःकडे उतरवून ठेवल्या. आणि कॉलवर ‘आत्ताच राजीनामा द्या’ म्हणाले तर तिथल्या तिथे सही करायची नाही. लेखी मागायचं, दोन दिवस मागायचे, कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवायचं. हे वाक्य त्याने माझ्यासमोर चारदा मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्या तीन वेळा आवाज कापत होता.

सातव्या आठवड्यात त्याला प्रोजेक्ट मिळालं, जेमतेम चार महिन्यांचं. नोकरीचा घोर संपलेला नाही, दुसरीकडे अर्ज चालूच आहेत. परवा त्याचा मेसेज आला, पहिल्या आठवड्याच्या टाइमशीटबद्दल. ४६ तास झाले, ४६ लिहिले. मॅनेजरने ‘का’ म्हणून विचारलंय, उत्तर अजून दिलेलं नाही. संध्याकाळी बाबांबरोबर रंकाळ्यावर चाललाय, तिथे ठरवतो म्हणाला.