संबळ क्लिकवर बसत नाही, काय करू?

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला राहतो, मूळ गाव जिंतूर तालुक्यात, घराणं गोंधळ्यांचं. सात-आठ वर्षं मी लॅपटॉप, सिंथ, नॉईज असलंच करत आलोय, आता परत गोंधळाकडे यावंसं वाटतंय. चुलतभावाच्या लग्नातला गोंधळ फोनवर रेकॉर्ड केला, संबळाचे लूप कापले, पण ते क्लिकवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एकसारख्या ठोक्यावर, बसेचनात म्हणून क्वांटाइझ केले, एकेक थाप ओढून ठोक्यावर बसवली. काकांना ऐकवलं तर म्हणाले, "वाजायलंय चांगलं, पण हात माझा वाटंना." तेव्हापासून काम बंद आहे. सोडून देऊ का?

उत्तर: अरे, सोडू नकोस. काकांनी तुला नेमकी चूक दाखवलीय. गोंधळात संबळ नायकाच्या, म्हणजे कथा सांगणाऱ्या मुख्य गोंधळ्याच्या, बोलण्यामागे चालतो, नायक कथेत थांबला की संबळ खाली येतो, त्याने प्रश्न टाकला की भरून काढतो, आणि आवाहनापासून आरतीपर्यंत रात्रभर लय हळूहळू चढत जाते, आता यातले चार बार कापून तू सरळ रेषेत बसवलेस तर काकांचा हात राहणार कुठे?

म्हणून उलटं कर. वार्प, म्हणजे आवाज ताणून ठोक्यावर बसवणारी सोय, बंद ठेव, काकांचं अख्खं अर्ध्या तासाचं वादन घे आणि त्यावरून टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठे किती चढते-उतरते त्याचा नकाशा, काढ, मग तुझा सिंथ त्यांच्यामागे पळू दे. सुराचंही तेच. तुणतुण्याची तार नायकाच्या गळ्याला लावलेली असते, ती ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराच्या हिशोबात ओढू नकोस, तुझ्या सिंथचा सूर काढणारा ऑसिलेटर खालीवर करून तिला लाव. ती एकच तार सारखी वाजत असते, तुमच्या ड्रोन म्युझिकमध्ये दुसरं काय असतं रे!

फोनचं रेकॉर्डिंग मात्र वापरू नकोस, मोठी थाप आली की फोन आपोआप आवाज दाबतो. संबळाची दोन तोंडं, एक बारीक आवाजाचं, एक जाड, दोघांना वेगळे माइक दे आणि तिसरा चार-पाच फूट लांब, अंगणाच्या हवेसाठी. पावसाळ्यात जाऊ नकोस, चामडं सैल पडतं. नवरात्रात ते लोक कामात असतात. तुळशीच्या लग्नानंतर जा.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आवाहन म्हणजे देवीला बोलावणं आहे, ते क्लबच्या सेटमध्ये वाजवायचं का हे आधी काकांना विचार, नाही म्हणाले तर नाही. आणि ट्रॅकवर त्यांचं नाव संगीतकार म्हणून घाल, सॅम्पल म्हणून नाही, गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत नोंद करताना त्यांचा हिस्सा लिही. लोककलावंताला एक शाल देऊन मोकळं व्हायचं हे आपण खूप केलंय.

बाकी शिकायचं असेल तर कलिनाला मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, तुला लांब नाही. आणि तुझ्या ऐरोलीलगतच दिवा गाव आहे, तिथल्या आगरी घरांत विचारून बघ, लग्नात धवला ही विधीची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणी भेटल्या तर माइक न काढता नुसतं ऐकून ये.

गावाला जाशील तेव्हा पहिल्या रात्री रेकॉर्डर पिशवीतच ठेव. काकांकडून तुणतुणं मागून घे, मागे उभा राहा आणि नायकामागून सूर ओढत झील धर.