ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळं का नसतात? मुद्दाम कोरी ठेवायचे का?

मुद्दाम वगैरे काही नाही. संगमरवरी पुतळ्यांची बुबुळं रंगानं काढलेली असायची, तो रंग उडाला. याच गोष्टीवरून मी भर वर्गात अपमान गिळलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वडील पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायचे. मूर्तीचं सगळं रंगकाम उरकलं की शेवटी डोळे. आधी पांढरा भरायचा, मग बुबुळ, मग पापणीची काळी रेघ, आणि श्वास रोखून बुबुळात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. तो पडला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. लहान मूर्तींचे डोळे मी शाळेत असल्यापासून आखलेत.

पुढे चित्रकलेच्या कॉलेजात प्लास्टरच्या ग्रीक डोक्यावरून ड्रॉइंग करताना मी सरांना म्हटलं, "याची आखणी राहिलीय." सर म्हणाले, "हा गणपतीचा कारखाना नाही. ग्रीकांना शुद्ध आकार हवा होता." सगळा वर्ग हसला.

सर चुकले होते. पांढऱ्या संगमरवराचं वेड नंतरच्या युरोपचं. जमिनीतून निघालेल्या पुतळ्यांवर रंग जेमतेम उरला होता, आणि १८ व्या शतकात विंकेलमानसारख्या अभ्यासकांनी त्या पांढरेपणालाच सौंदर्य ठरवलं. ग्रीकांचं मत वेगळं होतं. रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीसला विचारलं, तुझे कुठले संगमरवरी पुतळे तुला सर्वांत आवडतात? तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागलाय ते. निकियास चित्रकार होता, पुतळे रंगवायचा. एवढ्या मोठ्या शिल्पकाराला रंगवणाऱ्याची किंमत कळत होती.

अथेन्सच्या अक्रोपोलिस म्युझियममध्ये 'पेप्लोस कोरे' नावाचा संगमरवरी पुतळा आहे, इ.स.पू. ५३० च्या सुमाराची, जेमतेम चार फुटांची मुलगी. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सची देवळांची टेकडी, उद्ध्वस्त केली, मोडके पुतळे तिथंच पुरले गेले, म्हणून रंग टिकला. १८८६ मध्ये ती सापडली. तिच्या केसांवर, ओठांवर, डोळ्यांवर रंग अजून आहे. मी तिच्यासमोर अर्धा तास उभा होतो. बुबुळाची कड बघताना बाबांचा हातच आठवत होता.

हां, हे सगळं संगमरवराबद्दल. ब्राँझच्या पुतळ्यांत डोळे वेगळे करून बसवायचे, ग्रीसमधल्या डेल्फीच्या सारथ्याच्या ब्राँझ पुतळ्याचे अजून जागेवर आहेत. आणि सम्राट हेड्रियनच्या काळापासून, म्हणजे इ.स. १३० च्या आसपास, रोमन शिल्पकार बुबुळं छिन्नीनंच कोरायला लागले. त्यामुळे 'बुबुळं नसतात' हे सरसकट खरं नाही.

तुम्ही चित्रकलेचे विद्यार्थी असाल तर प्लास्टरचं एक स्वस्त डोकं विकत आणा आणि त्याचे डोळे आखा. झिरो नंबरचा ब्रश घ्या, दहा फुटांवरून बघा. कॉलेजात कुणी याला कारखान्यातलं काम म्हणालं, तर प्रॅक्सिटेलीसचं उत्तर ऐकवा. मला तेव्हा ते माहीत नव्हतं.