धुऱ्याच्या अलीकडे हिरवे, पलीकडे करपलेले

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेलगत माझी तीन एकर धानशेती आहे. गेल्या खरिपात एका बांधीत नेहमीचे सांबा महसुरी लावले आणि धुऱ्यापलीकडच्या बांधीत पाहुण्यांनी हैदराबादहून आणून दिलेले ‘सुधारित सांबा महसुरी’ लावले. रोवणी, खत, पाणी सारखेच होते. भाद्रपदातल्या वादळी पावसानंतर पहिल्या बांधीतली पाने कडेने पिवळी पडून वाळत गेली, दुसरी बांधी मात्र जवळजवळ हिरवीच राहिली. रोग कडा करपा असल्याचे कळले. सुधारित वाणात रोगाला आवरणारी जनुके आहेत, असे सांगतात. पण जनुके तर बियाण्यात पहिल्यापासूनच असतात; मग रोग आल्यावर झाड नेमके काय करते? — एक वाचक, सिरोंचा तालुका

उत्तर : आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. धानाच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो, पण एका वेळी त्यातली थोडीच चालू असतात. सणावाराची भांडी माळ्यावर असतात, रोजच्या स्वयंपाकाला ती कोणी काढत नाही, तसेच हे आहे. पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना बुरशीच्या किंवा जिवाणूच्या खुणेचा सुगावा लागला की काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियम शिरते, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि हा निरोप पेशीकेंद्रापर्यंत पोचतो. तिथे नियंत्रक प्रथिने जनुकांच्या अलीकडच्या भागावर, म्हणजे त्या जनुकाच्या बटणावर, जाऊन बसतात. मग शेकडो जनुकांचे काम एकदम वाढते : बुरशीची भिंत विरघळवणारी विकरे, जंतूंना मारक द्रव्ये आणि पेशीभित्ती कडक करणारे लिग्निन तयार होऊ लागते. त्याच वेळी वाढीशी संबंधित अनेक जनुकांचे काम मंदावते. यात जनुक बदलत नाही, त्याचे काम किती आणि केव्हा चालावे एवढेच बदलते.

इथवरचे वर्णन बहुतेक पिकांना आणि बहुतेक रोगांना लागू पडते. कडा करप्याची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण त्यात झाडाची बटणे दाबण्याचे काम रोगाचा जिवाणूही करतो. जपानमधल्या फुकुओका भागातल्या शेतकऱ्यांना हा रोग 1884 मध्ये प्रथम जाणवला, आणि भारतात त्याची पहिली नोंद 1950 च्या दशकात महाराष्ट्रातूनच झाली. पहाटे धानाच्या पानाच्या टोकावर व कडेवर जे पाण्याचे थेंब दिसतात ते सगळेच दव नसते. त्यातले बरेच पानाने स्वतःच्या जलरंध्रांतून बाहेर टाकलेले पाणी असते. जिवाणू याच रंध्रांतून किंवा वाऱ्यापावसाने पानाला पडलेल्या चिरांतून आत जातो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो. म्हणूनच पान आधी कडेने करपते. खात्री करायची असल्यास पिवळ्या कडेचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरावा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधट धार खाली उतरताना दिसते, आणि ती धार म्हणजे जिवाणूच असतात.

आत पोचलेला जिवाणू सुईसारख्या रचनेतून आपली काही प्रथिने धानाच्या पेशीत सोडतो. ती थेट पेशीकेंद्रात जातात आणि झाडाच्याच नियंत्रक प्रथिनांसारखी विशिष्ट जनुकांच्या बटणावर बसतात. ती नेमकी कुठे बसायचे हे कसे ओळखतात, याची उकल जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी 2009 मध्ये केली. या प्रथिनात साधारण 34 अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक तुकड्यातली 12 वी आणि 13 वी जागा तेवढी बदलते, आणि त्या जोडीवरून डीएनएचे कोणते अक्षर धरायचे ते ठरते. इतकी सरळ लिपी निसर्गात फार क्वचित सापडते. या प्रथिनांचे मुख्य लक्ष्य म्हणजे साखर पेशीबाहेर सोडणाऱ्या वाहकांची जनुके. ती चालू झाली की पानातली साखर बाहेर झिरपते आणि जिवाणूचे फावते.

आता आपल्या दुसऱ्या बांधीकडे येऊ. सुधारित सांबा महसुरी हे वाण हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि तिथल्याच पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने मिळून तयार केले आणि ते 2008 मध्ये प्रसारित झाले. त्यात तीन प्रतिकारक जनुके नेहमीच्या संकरातूनच, पण प्रत्येक पिढीत डीएनएच्या खुणा तपासत, एकत्र आणली आहेत. ते जनुकीय परिवर्तित वाण नव्हे. तिघांचे काम तीन तऱ्हेचे आहे. एक्सए-13 म्हणजे साखरेच्या एका वाहकाचेच असे रूप, की ज्याच्या बटणाची घडण बदललेली असल्याने जिवाणूचे प्रथिन त्यावर बसू शकत नाही. झाडाला इथे नवे शस्त्र मिळालेले नाही. चोराच्या किल्लीला बसणारे कुलूपच बदलले आहे. हे जनुक समूळ काढून का टाकले नाही, असे आपल्याला वाटेल. पण परागकण नीट तयार होण्यासाठी ते लागते, आणि ते बंद पाडले तर दाणा भरत नाही. एक्सए-5 मध्ये जनुके वाचणाऱ्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाचे एकच अमिनो आम्ल वेगळे आहे, त्यामुळे जिवाणूच्या प्रथिनाला तिथे पकड मिळत नाही. ही दोन्ही रूपे अप्रभावी असल्याने आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी आली तरच उपयोगी पडतात.

एक्सए-21 मात्र खरा पहारेकरी आहे. तो आफ्रिकेतल्या माली देशाच्या रानटी धानातून आला. त्या धानाची प्रतिकारशक्ती कटकच्या संशोधकांच्या लक्षात आली, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत ते जनुक लागवडीच्या धानात उतरवले गेले, आणि 1995 मध्ये ते वेगळे काढून वाचण्यात आले. पेशीच्या पृष्ठभागावर बसून ते जिवाणूच्या एका लहानशा प्रथिनाला ओळखते आणि वर सांगितलेली सारी यंत्रणा जागी करते. जिवाणूने एकाला चुकवले तरी उरलेले दोघे उभे असतात, म्हणूनच तिन्ही एकत्र आणण्याचा खटाटोप केला गेला.

मला स्वतःला यातले सर्वांत देखणे जनुक वाटते ते आपल्या वाणात नसलेले एक्सए-27. त्याचे प्रतिकारक रूप एरवी शांत असते. जिवाणूचे प्रथिन त्याच्या बटणावर बसते आणि आपल्याच हाताने झाडाचा बचाव सुरू करून देते.

प्रश्न : ॲस्पिरिनच्या गोळ्या पाण्यात विरघळवून फवारल्या तर पिकाची रोगप्रतिकारशक्ती वाढते, असा सल्ला फिरतो आहे. त्यात तथ्य आहे काय? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : मूळ निरीक्षण खरे आहे. 1979 मध्ये इंग्लंडमध्ये तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचल्यावर विषाणूचे डाग कमी पडल्याचे दिसले होते. रोग लागलेल्या अनेक झाडांत सॅलिसिलिक आम्ल वाढते आणि ते बचावाची जनुके चालू करते. ॲस्पिरिन त्याचेच भावंड. पण धानाच्या पानांत हे आम्ल निरोगी असतानाही भरपूर असते, त्यामुळे तंबाखूवरचा अनुभव धानाला जसाच्या तसा लावता येत नाही, शिवाय मात्रा थोडी चुकली की पाने भाजतात. याच तत्त्वावर नीट तपासलेली औषधे आहेत : जपानमध्ये धानाच्या बुरशीजन्य करप्यासाठी प्रोबेनाझोल 1970 च्या दशकापासून वापरतात, आणि ते बुरशीला थेट मारण्यापेक्षा झाडाचा बचाव जागा करते. बचाव सतत चालू ठेवणे झाडाला परवडतही नाही. ज्या झाडांत ही जनुके कायम चालू राहतात ती प्रयोगशाळेत खुजी राहिलेली दिसतात. गोळ्या घरच्या डब्यातच राहू द्याव्यात.

प्रश्न : रोगाशी झुंजलेल्या झाडाचे बी पुढच्या वर्षी अधिक कणखर निघते का? — एक वाचक, भंडारा

उत्तर : मोहरीच्या कुळातल्या एका प्रयोगशाळेतल्या वनस्पतीत अशी आठवण पुढच्या पिढीत उतरल्याचे दिसले आहे, पण त्यावर भिस्त ठेवून बियाणे निवडावे इतकी ती शेतात भरवशाची नाही. एक्सए-21 सारखे जनुक मात्र बियाण्यातून नक्की जाते. म्हणून सिरोंच्याच्या वाचकांनी दुसऱ्या बांधीचे बी राखताना धुऱ्यालगतच्या दोन-तीन ओळी सोडून मधले धान घ्यावे, मळणी वेगळी करावी, आणि रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांचे शेंडे खुडू नयेत, कारण खुडलेल्या टोकातून जिवाणूला सरळ वाट मिळते.