"आज किती पेपर वाचले?" हे जेवताना विचारू नका

पत्र थोडक्यात असं आहे: "मुलगी पुण्यातच विद्यापीठात मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. मी बँकेतून रिटायर झालोय. संशोधनात अपडेट राहावं लागतं म्हणून रोज दहा पेपर वाचायचे असा नियम घालून दिलाय, रात्री जेवताना आकडा विचारून एक्सेलमध्ये भरतो. ऑगस्टपासून फक्त ४१२ झालेत. स्वतःचा पेपर अजून एकही छापलेला नाही. त्यात ती लायब्ररीत तासन्‌तास बसते आणि ज्युनिअर मुलांना कसले कसले अलर्ट लावून देत बसते. एक जण ८० हजारात दोन पेपर छापून देण्यासकट गायडन्स देतो म्हणतोय. घ्यावं का? की सरळ एमपीएससीला बसवू? - एक बाबा, सिंहगड रोड."

बाबा, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा नाही आलं. ४१२ हा आकडा तुम्हाला पाठ आहे, पण पोरगी नेमकं कशावर काम करतेय हे अख्ख्या पत्रात कुठेच नाहीये. मायक्रोबायॉलॉजी म्हणजे विषय झाला, तिचा प्रश्न काय आहे? तो तुम्ही कधी विचारलाय का, की रोज रात्री फक्त आकडाच विचारलाय?

पंचविशी ओलांडलेली मुलगी दिवसभर लॅबमध्ये उभी राहून घरी येते, ताटावर बसते, पोळीचा तुकडा हातात असताना समोरून "आज किती?" येतं. मला तर घास उतरला नसता. आणि एक सांगू, राग मानू नका, त्या ४१२ मधले निम्मे आकडे तिने ठोकून दिलेले असणार. तिच्या जागी मी असते तर मीही "आठ झाले बाबा" म्हणून विषय संपवला असता. बँकेत संध्याकाळी कॅश टॅली केल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय अंगात मुरलेली असते, कळतं मला, माझेही वडील बँकेतच होते, पण इथे टॅली करायला समोर काही नाहीये.

तुमचा मुख्य गैरसमज हा की अपडेट राहणं म्हणजे आलेलं सगळं वाचणं. बघा, एकट्या पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, दरवर्षी दहा लाखांपेक्षा जास्त नव्या नोंदी पडतात. तुमच्या मुलीने सणवार सोडून रोज दहा वाचले तरी वर्षाचे तीन हजार होतील, म्हणजे त्या ढिगाला नखसुद्धा लागणार नाही, आणि त्यातले बहुतेक तिच्या कामाचे नसतीलच. कुठलाही चांगला संशोधक हे असं करत नाही. तो आधी चाळणी लावतो, आठवड्याला शंभरेक शीर्षकांवरून नुसती नजर फिरवतो, त्यातल्या दहा-बारांचे सारांश, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट बघतो, आणि नीट पेन घेऊन वाचतो ते एखाद-दोनच. तुमच्या शीटमध्ये असा माणूस कायम नापास.

आणि ही चाळणी लावायची कला लायब्ररीत शिकायला मिळते, जिथे ती तासन्‌तास बसते म्हणून तुम्ही वैतागलाय. आमच्या वेळी करंट कंटेंट्स नावाच्या छोट्या पुस्तिका दर आठवड्याला यायच्या, आत काय तर नुसत्या जर्नल्सच्या, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांच्या, अनुक्रमणिका. त्यावर पेन्सिलने टिक करायची, पेपर आपल्याकडे नसेल तर लेखकाला पोस्टकार्ड टाकायचं आणि रीप्रिंटची, म्हणजे पेपरच्या छापील प्रतीची, वाट बघत बसायचं. आता तेच अलर्ट म्हणून ईमेलवर येतं, फरक इतकाच की चाळणी आपली आपल्याला विणावी लागते. विषय तुम्ही सांगितला नाहीत म्हणून धरून चालू की ती मुठेच्या पाण्यातल्या, अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवर काम करतेय. पबमेडवर नुसतं 'अँटिबायोटिक रेझिस्टन्स' टाकून अलर्ट लावला तर मेलबॉक्सचा कचरा डेपो होईल. मी स्वतः एकदा एकाच शब्दाचा अलर्ट लावला होता, चार दिवसांत ते मेल एका फोल्डरमध्ये वळवले आणि तो फोल्डर आजतागायत उघडलेला नाही. त्याऐवजी दोन शब्दांची जोडी अवतरणचिन्हात, त्यानंतर 'अँड', पुढे नदी किंवा सांडपाणी, हवं तर फक्त शीर्षकातच शोध असं बंधन, आधी शोधून बघायचं की किती येतात, फार आले तर आवळायचं, शून्य आले तर सैल सोडायचं, आणि मगच सर्च बॉक्सखालचं क्रिएट अलर्ट दाबायचं, आठवड्यातून एकदा, रोज नको. हे जमायला दोन-तीन दुपारी जातात. लायब्ररियन शेजारी बसले तर एक.

दुसरा अलर्ट मला जास्त आवडतो. आपल्या विषयातले चार-पाच पायाचे पेपर निवडायचे आणि गुगल स्कॉलरला, म्हणजे गुगलच्या पेपर शोधायच्या सेवेला, सांगायचं की यांचा हवाला कोणी दिला की मला कळव. शब्द वेगळे वापरणारे लोकही त्यात सापडतात, जे शब्दांच्या शोधातून निसटतात. मग दोन-तीन जर्नल्सच्या नव्या अंकांची अनुक्रमणिका मेलवर मागवायची, संपलं. सापडलेलं झोटेरो नावाच्या, पेपर साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचं, ते फुकट आहे, आणि त्याची एक गंमत म्हणजे आपण साठवलेला पेपर पुढे मागे घेतला गेला, म्हणजे रिट्रॅक्ट झाला, तर ते लाल पट्टी दाखवून सांगतं. तुमच्या एक्सेलमध्ये मागे घेतलेला पेपरही एक पेपर म्हणूनच मोजला जाणार ना?

पूर्ण पेपरला पैसे पडतात ही काळजी असेल तर तीही फारशी ठेवू नका. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, सरकारी विद्यापीठं-कॉलेजं त्यात येतात, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी ठेवलेत. तुमच्या मुलीचं विद्यापीठ सरकारी असेल तर तेही त्यात आलं. घरून लॉगिन कसं करायचं ते लायब्ररीच सांगते.

आता ते ८० हजार. अजिबात देऊ नका. पेपर "छापून देतो" म्हणणारा माणूस संशोधन विकत नाही, तुमच्या भीतीवर धंदा करतोय. तो यूजीसी-केअर लिस्टेड, म्हणजे यूजीसीच्या मान्य यादीतलं, जर्नल म्हणत असेल तर ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलीय. आणि थीसिस सबमिट करायच्या आधी पेपर छापलेलाच हवा ही सक्ती यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढली, विद्यापीठाची किंवा डिपार्टमेंटची स्वतःची अट असू शकते, ती तिने गाइडला विचारावी, तुम्ही नाही. अशा ठिकाणी छापलेला पेपर पुढे इंटरव्ह्यूत कोणी उघडून बघितला तर पंचाईत तिची होईल. पीएचडीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतात. दुसऱ्या वर्षी पेपर नाही यात घाबरण्यासारखं काय आहे? शेजारच्यांच्या मुलीचे तीन झाले असतील, होऊ देत.

एमपीएससीबद्दल एवढंच, की तिने मागितलं तर बसवा. नेट-सेटही तिचं ती बघेल.

खरं तर मी थांबले ते ज्युनिअरांच्या अलर्टवर. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत, मला तो तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा भाग वाटला. दुसऱ्याचा प्रश्न ऐकून त्याचे शोधशब्द बनवून देणं सगळ्यांना येत नाही, भल्या भल्या प्राध्यापकांना येत नाही. या कामाच्या नोकऱ्या असतात, संशोधन संस्थांच्या लायब्रऱ्यांत, पेटंट शोधणाऱ्या कंपन्यांत, औषध कंपन्यांत जिथे कोणीतरी सतत नवं काय छापून आलं ते बघत असतं, आणि विषयातली पीएचडी हातात असलेला माणूस तिथे उठून दिसतो. पुढे हवं तर एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, करता येते, सावित्रीबाई फुले विद्यापीठात त्याचा विभागच आहे. ती हेच करेल असं मी म्हणत नाही, तिला यात रस आहे की नुसतं आकड्यांपासून पळायला ती लायब्ररीत बसते हे मला इथून दिसत नाही. दुसरं कारण असेल तर मात्र उपाय तुमच्याच हातात आहे. तिला वाटलं तर मला तिने स्वतः लिहावं, तुमच्यामार्फत नको.

आणि ती शीट उडवून टाकू नका. त्यात पेपरांची नावं लिहिली असतील तर तिला मेल करा, झोटेरोत घ्यायला उपयोगी पडतील. फक्त पाठवायच्या आधी 'एकूण' नावाचा कॉलम काढा.