मोठी शस्त्रक्रिया की पुरेशी शस्त्रक्रिया

प्रिय डॉक्टर,

गुदद्वाराच्या मेलानोमाचा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचा, रुग्ण तुझ्याकडे आला असून गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून टाकण्याचे तू मनाशी जवळजवळ ठरवले आहेस, असे तुझ्या पत्रावरून दिसते. थोडे थांब.

हा आजार इतका विरळ आहे की ही मोठी शस्त्रक्रिया आणि केवळ गाठ काढणारी स्थानिक शस्त्रक्रिया या दोन पद्धतींची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे रुग्ण दोन गटांत वाटून केलेली चाचणी, झालेली नाही. आपली भिस्त आहे ती जुन्या रुग्णांच्या नोंदींवर. अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगासाठी वर्णन केलेली, पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी करायची शस्त्रक्रिया पुढे या मेलानोमासाठीही रूढ झाली. परंतु भोवतालच्या निरोगी पेशींसह केवळ गाठ काढलेल्या रुग्णांपेक्षा त्या मोठ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण अधिक जगले, असे बहुतेक नोंदींत आढळत नाही. त्याच जागी गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण काही नोंदींत कमी दिसते, एवढेच. रोग यकृताकडे आणि फुफ्फुसांकडे रक्तावाटे लवकर पसरतो, मग ओटीपोटात कितीही खोल कापले तरी जे आधीच निसटले ते कसे हाती लागणार?

म्हणून गाठ स्फिंक्टरमध्ये, म्हणजे गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूत, शिरलेली नसेल आणि काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या मिळणार असतील, तर स्थानिक शस्त्रक्रियाच कर. स्फिंक्टर व्यापलेला असेल किंवा मोकळी कड अशक्य असेल, तर मात्र मोठ्या शस्त्रक्रियेला कचरू नकोस. अर्धवट काढलेली गाठ रुग्णाला वेदना आणि रक्तस्राव यांच्या हवाली करते. जांघेतील लसिका ग्रंथींत रोग सिद्ध झाला तर त्या काढाव्यात, केवळ प्रतिबंधासाठी नव्हे.

छाती, पोट आणि ओटीपोटाचे स्कॅन आधी करून घे, पेशींच्या वाढीशी संबंधित केआयटी जनुकाची तपासणीही माग. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या उपचाराचा, प्रतिसाद त्वचेच्या मेलानोमाइतका चांगला नसला, तरी तिचा विचार शस्त्रक्रियेपूर्वीच कर्करोगतज्ज्ञांबरोबर बसून व्हावा.

हे रुग्ण बहुधा मूळव्याधीचे उपचार घेऊनच आपल्यापर्यंत पोहोचतात. गाठ काळी असेलच असे नाही. रंगहीन गाठ साध्या कोंबासारखी दिसते, त्यामुळे मूळव्याध म्हणून काढलेला कोंबही तपासणीला पाठवत जा.

स्टोमाची, म्हणजे मल बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेल्या छिद्राची, शक्यता थोडी जरी असली, तरी त्याची जागा आदल्या दिवशी रुग्णाला बसवून, उभे करून त्याच्यासमोरच आखून ठेव.

तुझा,
जुना सहकारी