सॉफ्टवेअर नंतर ठरव, फाइल कुठं जाणार ते आधी लिही

काय गं, बरी आहेस ना?

तुझा मोठा मेसेज वाचला. कॉलेजच्या गो-कार्ट (लहान रेसिंग गाडी) टीमच्या डिझाइन आणि वेबसाइटचं काम तुझ्याकडं आलं हे ऐकून खरंच आनंद झाला. फोटोशॉप-इलस्ट्रेटर घ्यावं, कोरल घ्यावं का सगळं कॅनव्हावरच उरकावं, ह्याच्यावरनं तुमच्या ग्रुपवर रोज वाद चाललेत म्हणालीस, तर फोनवर सांगून तू निम्मं विसरशील म्हणून लिहूनच पाठवतोय, सावकाश वाच आणि जमलं तर टीमला पण वाचून दाखव.

पहिलं काम हे कर की सॉफ्टवेअरचं नावच काढू नको. एक कागद घे आणि ह्या वर्षी तुमच्या हातनं काय काय बाहेर पडणार आणि ते पुढं कुणाच्या मशीनवर जाणार ते लिही. गाडीचे स्टिकर जाणार रेडियमवाल्याच्या प्लॉटरवर, टी-शर्ट स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं, स्पॉन्सरला द्यायचं माहितीपत्रक प्रेसवर, गेटवरचा फ्लेक्स फ्लेक्सवाल्याकडं, आणि वेबसाइट बघणार आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला फाउंड्रीचा मालक, ते पण दुपारी जेवताना मोबाइलवर. त्याच कागदावर खाली अजून दोन गोष्टी लिही. तुमच्यातला सगळ्यात जुना लॅपटॉप कुठला आणि त्याला रॅम किती. आणि पुढच्या वर्षी हे काम कोण बघणार, नाव माहीत नसलं तरी चालेल, सेकंड इयरची मुलं एवढं लिहिलंस तरी पुरे.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॉलेजची टीम दरवर्षी बदलते गं. सीनियर पास होऊन पुण्याला जातो, त्याच्या लॅपटॉपमधलं लायसन्स जातं, त्याच्या जीमेलवर उघडलेलं अकाउंट जातं आणि मागं राहतो फक्त व्हॉट्सॲपवरचा लोगोचा एक धुरकट जेपीजी. हे मी एका नाही, बऱ्याच टीमचं बघितलंय, दर वर्षी नवीन मुलं तोच लोगो परत पहिल्यापासून काढत बसतात. म्हणून मी सॉफ्टवेअर बघताना आधी विचारतो की ह्यातली फाइल दुसऱ्या कशात उघडते का.

लोगोपासून सुरू करूया कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. लोगो व्हेक्टरमध्येच पाहिजे, म्हणजे ठिपक्यांचा फोटो नाही तर रेघांनी काढलेला, कितीही मोठा केला तरी न फाटणारा, ह्यात तडजोड नाही. रेडियम कापणारा प्लॉटर चित्र बघत नाही, तो रेघ बघतो, त्याची पाती त्या रेघेवरनं फिरते, तू त्याला फोटो दिलास तर त्याला आधी तो ट्रेस करत बसायला लागणार आणि गर्दीच्या दिवशी तो ते कसंतरीच करणार. टी-शर्टचं पण तसंच, स्क्रीन प्रिंटिंगला दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि दर रंगाचे पैसे वाढतात, म्हणून लोगो दोन रंगात आणि नुसत्या एका रंगात चांगला दिसतो का ते आत्ताच बघून ठेव, शेडिंग आणि ग्रेडियंट नको.

ह्याला माझं उत्तर इंकस्केप, व्हेक्टर काढायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, २००३ पासून लोक ते सुधारत आलेत, आणि त्याची स्वतःची फाइलच एसव्हीजी असते. एसव्हीजी हे २००१ पासूनचं उघडं स्टँडर्ड आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडते, वेबसाइटवर जशीच्या तशी लागते, इलस्ट्रेटर आणि कोरल पण ती घेतात. स्पॉन्सरकडनं त्यांचा लोगो मागताना मात्र पीडीएफ किंवा सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल माग, आणि व्हॉट्सॲपवर पाठवणार असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं स्पष्ट सांग, फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून बारीक होतं. ज्यानं पैसे दिलेत त्याचंच नाव गाडीवर फाटलेलं दिसणं हे मला बघवत नाही.

कोरलबद्दल तुझा मित्र बरोबर बोलतोय, आपल्याकडं फ्लेक्सवाले, रेडियमवाले, लग्नपत्रिकावाले बहुतेक सगळे कोरलवरच आहेत आणि त्यांचा हात त्याच्यावर बसलाय. पण म्हणून तुम्ही पण कोरलच घेतलं पाहिजे असं नाही. तुझी फाइल त्यांच्यात नीट उघडली पाहिजे, एवढंच. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या नुसत्या रेघा करून पीडीएफ दे, इंकस्केपमध्ये त्याला ऑब्जेक्ट टू पाथ म्हणतात, मग त्यांच्याकडं तुझा फाँट नसला तरी काही बिघडत नाही. कर्व्ह करायच्या आधीची फाइल मात्र वेगळी जपून ठेव, नाहीतर नंतर स्पेलिंग बदलायचं म्हटलं तर अक्षर अक्षर काढत बसशील.

आता मराठीचं. तुमचं माहितीपत्रक मराठीत पण असणार, म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी त्यात एवढं टाइप करून बघ: ज्ञानेश्वर, क्षेत्र, राष्ट्र, कर्तृत्व, वाऱ्यावर. जोडाक्षर फुटलं, वेलांटी भलतीकडं गेली किंवा वाऱ्यावरमधला ऱ्य नीट आला नाही तर ते सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे, आपल्या कामाचं नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये सुद्धा टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिपीचं इंजिन चालू असल्याची खात्री करायला लागते. अॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर २०२४ मध्ये कॅनव्हानं घेतलं आणि २०२५ मध्ये फुकट केलं, तुमच्यातल्या दोघांना ते आवडलंय म्हणालीस, घ्या की, पण हेच पाच शब्द त्यात उमटवून बघा आणि मगच ठरवा. आणि सगळं टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे मोबाइलवर, वेबवर सगळीकडं वाचता येतं त्या पद्धतीत. डीटीपीवाल्यांकडचे जुने फाँट छापायला छान असतात पण त्यातला मजकूर वेबसाइटवर टाकला की नुसता कचरा दिसतो, परत टाइप करायला लागतो. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फाँट फुकट आहेत आणि छापायला, वेबसाइटला, सगळीकडं वापरायची परवानगी आहे, त्यातले दोन निवडा आणि वर्षभर तेच ठेवा.

माहितीपत्रकासाठी स्क्रायबस बघ, ते छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर आहे. प्रेसला लागणारे सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) रंग, ब्लीड म्हणजे कडेला कापण्यासाठी सोडलेली जास्तीची जागा, नीट पीडीएफ हे सगळं त्यात होतं. फक्त १.६ किंवा त्याच्या पुढचंच घे, जुन्या १.४ मध्ये देवनागरी नीट बसत नव्हती आणि अजून काही जणांच्या पेन ड्राइव्हमध्ये तेच फिरतं. स्क्रीनवर दिसणारा झगझगीत हिरवा आणि निळा कागदावर मवाळ होतो, सॉफ्टवेअर कुठलंही असू दे, म्हणून एक प्रूफ हातात घेऊन उन्हात बघ. ए४ कागदाला ३०० डीपीआय, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, एवढं लक्षात ठेव. फ्लेक्सला एवढं लागत नाही, तो लांबनं बघायचा असतो. दसरा चौकातनं गाडीवर जाणाऱ्या माणसाला जे वाचता येईल तेवढंच त्यावर लिही, बाकीचं काढून टाक. बाबूराव पेंटर आपल्याच गावचे, त्यांनी सिनेमाची पोस्टर हातानं रंगवली, कधी त्यांची चित्रं बघायला मिळाली तर लांब उभं राहून बघ, नजर पहिल्यांदा कुठं जाते ते.

फोटो साफ करायला गिम्प पुरतं, ३.० आल्यापासनं त्यात फिल्टर नंतर बदलता येतात म्हणजे काम बरंच सोपं झालंय. कॅनव्हा पण ठेवा, इन्स्टाग्रामची रोजची पोस्ट त्यावर पटकन होते, फक्त लोगो आणि छपाईचं काम तिथं नको.

वेबसाइटचं आधी कागदावर पेन्सिलनं काढा. मग स्क्रीनवर डिझाइन मांडायला फिग्मा, ते ब्राउझरमध्ये चालतं, जुन्या लॅपटॉपवर पण धावतं, सगळे एकाच वेळी काम करू शकतात आणि विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. पण फाइल त्यांच्याकडं असते. २०२२ मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीनं फिग्मा २० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं होतं, २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो व्यवहार मोडला, त्या वर्षभरात भल्याभल्यांना काळजी लागली होती की आपल्या कामाचं आता काय होणार. पेनपॉट हा तसाच पण ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला पर्याय आहे, तुमच्यातल्या एकाला सर्व्हरचा नाद असेल तर तो कॉलेजच्या मशीनवर बसवता पण येतो. मी म्हणतो फिग्मा वापरा, पण महिन्याला एकदा फाइल उतरवून घ्या.

साइट मात्र हातानं लिहा. एचटीएमएल, सीएसएस, ते लिहायला व्हीएस कोड आणि दर बदलाची नोंद ठेवायला गिट, बस. पाच पानांची साइट आहे, टीम, गाडी, स्पॉन्सर, फोटो, संपर्क, त्याला वर्डप्रेस कशाला? वर्डप्रेस चांगलंच आहे पण त्याला होस्टिंग लागतं, दर थोड्या दिवसांनी अपडेट लागतं, आणि परीक्षेच्या महिन्यात ते कोण करणार? गिटहब पेजेसवर अशी साधी साइट फुकट राहते, सगळी साइट १ जीबीच्या आत ठेवायची एवढंच. आणि कुणी काय कधी बदललं ते पुढच्या बॅचला दिसतं, त्यांना त्यातनंच शिकायला मिळतं. एक सांगून ठेवतो, फोटोशॉप-गिम्पच्या फाइलवर दोघांनी एकाच वेळी काम केलं तर गिट ते जोडून देत नाही, म्हणून त्या फाइलवर एका वेळी एकच जण. फोटो टाकायच्या आधी लहान करा, वेबपी ह्या वेबसाइटसाठीच्या हलक्या फॉरमॅटमध्ये करा, मोबाइलवरनं सरळ टाकलेले आठ-दहा एमबीचे फोटो त्या फाउंड्रीच्या मालकाच्या फोनवर उघडायच्या आत तो चहा पिऊन उठून जाईल.

क्रॅकचं, म्हणजे लायसन्स तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरचं विचारलं नाहीस, पण टीममध्ये कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येणारच. नाही म्हण. व्हायरसचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे तुम्ही इंजिनिअर होणार आहात, उद्या तुम्ही स्वतः काहीतरी बनवणार आणि त्याचे पैसे मागणार. स्पॉन्सरच्या घामाच्या पैशावर चाललेल्या टीममध्ये चोरीचं सॉफ्टवेअर असू नये, मला तरी हे अगदी मनापासून वाटतं. फुकटातलं चांगलं इतकं असताना तर गरजच नाही.

टीमच्या नावानं एक वेगळा ईमेल काढा, सगळी अकाउंट त्याच्यावर, पासवर्ड तुझ्याकडं आणि सरांकडं.

रविवारी सकाळी दोघं-तिघं मिळून उद्यमनगरात माझ्याकडं या, तो जुना लॅपटॉप बरोबर आणा, त्यावरच सगळं बसवून बघू. लोगो असेल तसा आण, जेपीजी असला तरी चालेल, तिथंच बसून व्हेक्टर करू आणि शेजारच्या रेडियमवाल्याकडं एक लहान स्टिकर कापून बघू. येताना स्पॉन्सरची यादी विसरू नको.

तुझा,
दादा