हिरवं दिसलं म्हणून लगेच सोडू नका

प्रश्न : आमच्याकडं चार उस्मानाबादी शेळ्या, एक म्हैस आणि दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत. गेल्या जूनमध्ये पाऊस पडून आठवडा झाला आणि दोन चांगली धष्टपुष्ट करडं रात्रीतून गेली. संध्याकाळी चांगली उड्या मारत होती. घरात म्हणाले, पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल. यंदा काय काळजी घेऊ?
– एक भगिनी, आटपाडी तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या गोठ्यातही असंच झालं होतं. जुळ्यातलं जाडजूड बोकड सकाळी पाय ताणून पडलेलं. सासूबाई म्हणाल्या, पान लागलं. मीही तेच धरून बसले आणि तीन दिवसांनी दुसरं गेलं. मग डॉक्टरांना बोलावलं, तेव्हा आंत्रविषार हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्याकडं नेमकं तेच झालं का, हे मेलेलं करडू तपासल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. पण लक्षणं तशीच वाटतात. या रोगाचे जंतू शेळीच्या आतड्यात एरवीही थोडे असतात. उन्हाळाभर कडबा-भुसकट खाल्लेल्या पोटात एकदम कोवळं गवत भरलं की ते झपाट्यानं वाढतात आणि विष तयार होतं. म्हणून जे करडू जास्त खातं, कळपात सगळ्यात देखणं असतं, तेच आधी जातं. आटपाडीत पाऊस कमी म्हणून धोका कमी, असं समजू नका. माझ्या पाटण भागात बांधाला थोडंफार हिरवं टिकून असतं. तुमच्याकडं मात्र महिनोन् महिने वाळलेलं, आणि एका सरीनंतर सगळं माळरान कोवळं. पोटाला हा बदल फार मोठा.

मृग ७-८ जूनला लागतो, पण तयारी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. शेळ्या-करडांना आंत्रविषाराची लस टोचून घ्या, ती टोचल्यावर अंगात रोगाशी लढायची ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. आधी कधीच टोचलं नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. त्याच खेपेला म्हशीला घटसर्पाची, म्हणजे जनावरांच्या गळासुजीच्या रोगाची, लस द्या. जंताचं औषधही डॉक्टरांनाच विचारा आणि गाभण शेळी असेल तर आवर्जून सांगा.

गवत उगवलं की सकाळी आधी भुईमुगाचा वाळला पाला किंवा तुरीचं भुसकट पोटभर घाला. दव उतरल्यावरच सोडा, कारण ओल्या पात्यावर जंतांची पिल्लं चढलेली असतात. पहिले दोन दिवस अर्धा तास, मग दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. शेळ्या ओरडतील, दावं ओढतील. तरी मन घट्ट करा.

आणखी एक, तुमच्या भागात हे घडतंच. पाऊस ओढ देतो आणि ज्वारी गुडघाभर असतानाच सुकायला लागते. ती कापून म्हशीला घालू नका, कापलेल्या बुडख्यांचे नवे फुटवेही नकोत. त्यात जे विष असतं त्यानं म्हैस तासाभरात आडवी होते.

कोंबड्यांचं थोडक्यात सांगते. खाली तूस कोरडं ठेवा, रोज हलवा, भिजलं की लगेच काढा. रक्ताची हगवण ओल्यातच पसरते.

यंदा पुन्हा एखादं गेलंच, तर पुरू नका. त्याच सकाळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. उन्हं वर आली की आतडं कुजतं, मग कारण सापडत नाही. मला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं, तर माझं दुसरं करडू वाचलं असतं.